गावरान कोंबड्यांचं खाद्य बदलताना: पोत्यावरचं लेबल वाचा आणि दहा दिवस द्या

बारामती एमआयडीसीच्या कडेला, कटफळच्या बाजूला आम्ही भाड्याने राहायला आलो, तेव्हा दादी इंदापूर तालुक्यातल्या गावातून आपल्यासोबत चौदा कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन आली. गावात या कोंबड्यांना कोणी खाद्य म्हणून कधी काही विकत घातलं नव्हतं. सकाळी डालगं उचललं की त्या उकिरड्यावर, खळ्यावर, शेजारच्या ज्वारीच्या ताटांत निघून जायच्या. संध्याकाळी मूठभर बाजरी टाकली की खुराड्यात परत. रोज पाच-सहा अंडी मिळायची.

इथे आल्यावर महिन्याभरात ती दोन-तीनवर आली. मग अब्बांनी एका दुकानातून पन्नास किलोचं पोतं आणलं. दुकानदाराने 'कोंबडीचं खाद्य' म्हणून दिलं, आम्ही कोंबडीचं खाद्य म्हणून घेतलं. दादीने दुसऱ्या दिवसापासून बाजरी बंद केली आणि फक्त पोत्यातली भुकटी ठेवली. पहिले दोन दिवस कोंबड्यांनी तिच्यात नुसत्या चोची मारल्या. मग पातळ विष्ठा सुरू झाली. नवव्या दिवशी खुराड्यात एकही अंडं नव्हतं. दादी म्हणाली, नजर लागली. शेजारच्या खाला म्हणाल्या, खाद्यच खराब आहे, फेकून द्या.

पोत्याला शिवलेली चिठ्ठी त्यानंतर आम्ही वाचली. ते ब्रॉयलरचं फिनिशर होतं. म्हणजे सहा आठवड्यांत कापायच्या पांढऱ्या कोंबडीला शेवटच्या टप्प्यात घालायचं खाद्य. खाद्य खराब नव्हतं, ते आमच्या कोंबड्यांसाठी नव्हतं. आणि बरोबरचं असतं तरी एका रात्रीत बदलल्यावर जवळपास हेच झालं असतं.

एमआयडीसीच्या आसपास, सूर्यनगरीपासून लोणी देवकरपर्यंत, बऱ्याच घरांत परसातल्या पाच-दहा-पंधरा कोंबड्या असतात. अंड्यांचे पैसे बहुतेक घरांत अम्मीच्या किंवा दादीच्या हातात राहतात, त्यातून वह्या, औषधं, कधी भिशीचा हप्ता निघतो. म्हणून हा विषय आम्हाला सविस्तर लिहावासा वाटला.

मोकळी कोंबडी, पण खायला काय?

मोकळी फिरणारी कोंबडी आपलं आपण पोट भरते, हा समज गावात बऱ्याच अंशी खरा आहे. शेणाच्या ढिगातले किडे आणि अळ्या म्हणजे तिची प्रथिनं, सांडलेलं धान्य म्हणजे ताकद, हिरवा पाला म्हणजे जीवनसत्त्वं, आणि चुन्याचे खडे, माती यातून थोडं कॅल्शियम. एमआयडीसीच्या प्लॉटमध्ये यातलं काय मिळतं? मुरूम, गटार, हॉटेलमागचं खरकटं आणि पॅकिंगचा थर्माकोल. थर्माकोलचे पांढरे दाणे कोंबड्या आवडीने टिपतात, हे आम्ही रोज बघतो. पोट भरल्यासारखं होतं, मिळत काहीच नाही. म्हणजे फिरायला मोकळी असली तरी इथली कोंबडी चाऱ्याच्या बाबतीत बांधलेल्यासारखीच आहे. तिला वरून खाद्य लागतंच.

किती? अंड्यावर असलेल्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. गावरान कोंबडी अंगाने लहान, आणि थोडंफार बाहेर टिपते. त्यामुळे बरा परिसर असेल तर ५० ते ६० ग्रॅम वरखाद्य पुरतं. आमच्यासारख्या जागी ८० ग्रॅमच्या खाली जाऊन चालत नाही. घरातल्या एका वाटीत किती ग्रॅम बसतं ते किराणा दुकानात एकदा मोजून घ्यावं आणि रोज त्याच वाटीने घालावं. हातच्या मुठीचा अंदाज घरातल्या प्रत्येकाचा वेगळा असतो.

अपेक्षाही जातीप्रमाणे ठेवावी. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, मधेमधे खुडूक बसते आणि पिल्लं काढते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेली वनराजा, ग्रामप्रिया किंवा बंगळुरूची गिरिराजा ही परसातच वाढणारी पण सुधारित पाखरं आहेत, ती शंभराच्या बरीच पुढे जातात. ग्रामप्रिया तर खास अंड्यांसाठीच आहे. या जातींना खाद्य कमी पडलं तर फरक लगेच दिसतो. उलट अस्सल गावरानीला कितीही भारी खाद्य घातलं तरी ती दोनशे अंडी देणार नाही, उगाच चरबी धरेल.

पोतं कोणतं घ्यायचं

खाद्याच्या दुकानात एकसारखी दिसणारी चार-पाच प्रकारची पोती असतात आणि चिठ्ठी बहुतेक इंग्रजीत असते. घरातल्या शाळकरी मुलाला बरोबर न्यावं, लाजायचं काही कारण नाही. चिठ्ठीवर 'लेअर' लिहिलेलं असेल तर ते अंड्यावरच्या कोंबडीचं. 'चिक' किंवा 'स्टार्टर' पिल्लांचं, 'ग्रोअर' वाढत्या तलंगांचं. 'ब्रॉयलर' किंवा 'फिनिशर' असेल तर ते मांसाच्या कोंबडीचं.

भारतीय मानक ब्युरोचं कुक्कुट खाद्यासाठी 'आयएस १३७४' नावाचं मानक आहे. त्यानुसार अंडी देणाऱ्या जातीच्या पिल्लांच्या खाद्यात २० टक्के, तलंगांच्या १६ टक्के आणि अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. पण खरा फरक प्रथिनांपेक्षा कॅल्शियमचा आहे. लेअर खाद्यात ते ३ ते साडेतीन टक्के असतं, बाकीच्या खाद्यांत एक टक्क्याच्या आसपास. एका अंड्याच्या कवचात जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. खाद्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. मग कवच पातळ होतं, अंडी पिशवीसारखी मऊ येतात, कोंबडी लंगडते आणि शेवटी अंडी बंद करते. आमच्याकडे हेच चालू होतं.

उलटी चूकही होते. कोंबडीबरोबर तिची पिल्लंही फिरत असतात आणि लेअर खाद्य तीही खातात. एवढं कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही, ती सुकत जातात आणि मरतात. पिल्लं लहान असतील तर त्यांना डालग्याखाली वेगळं घालावं, किंवा सगळ्यांना ग्रोअर खाद्य ठेवून अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात द्यावा. पिल्लं शिंपल्याला फारशी चोच लावत नाहीत.

बारामती-इंदापूर हा दुधाचा पट्टा. घरोघरी गाईंची गोळीपेंड असते, आणि 'खाद्य ते खाद्यच' म्हणून तीच मूठभर कोंबड्यांना टाकली जाते. असं करू नये. पशुखाद्यात बऱ्याचदा युरिया असतो. गाय रवंथ करणारी, तिला तो चालतो, कोंबडीला नाही. त्यात सरकीची पेंडही असते. सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्यामुळे ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. गिऱ्हाईक असं अंडं परत आणून देतं आणि पुन्हा येत नाही. तसंच कोंबडीच्या खाद्याचं पोतं शेळीच्या तोंडाला लागू देऊ नये. एकदम पोटभर खाल्लं तर बकरी फुगून दगावू शकते, आणि बकरी ईदसाठी पाळलेला बोकड असा गेला तर घरात काय होतं ते सांगायला नको.

दहा दिवसांचा हिशेब

कोंबडीच्या आतड्यात जंतूंची एक वस्ती असते, ती तिच्या रोजच्या खाण्याला सरावलेली असते. खाणं एकदम बदललं की ही घडी विस्कटते आणि हगवण लागते. पण मोकळ्या कोंबडीच्या बाबतीत त्याहून मोठी अडचण दुसरीच आहे: तिला नवं खाद्य हे खाणं आहे, हेच ओळखू येत नाही. जन्मभर दाणा टिपलेल्या कोंबडीला भुकटी म्हणजे माती वाटते. ती उपाशी राहील, गटारात जाईल, पण भुकटी खाणार नाही.

आम्ही दुसऱ्या वेळी केलं ते असं. पहिले तीन दिवस तीन वाट्या जुनं धान्य आणि एक वाटी नवं खाद्य. चौथ्या ते सहाव्या दिवसापर्यंत दोन्ही निम्मं निम्मं. सातव्या ते नवव्या दिवशी एक वाटी जुनं, तीन वाट्या नवं. दहाव्या दिवसापासून सकाळी फक्त नवं. मधे कधी विष्ठा पातळ झाली किंवा भांड्यात बरंच खाद्य उरलं तर पुढे न जाता त्याच प्रमाणावर आणखी दोन दिवस थांबलो. आमचे दहाचे तेरा दिवस झाले, काही बिघडलं नाही.

धान्य आणि भुकटी नुसतं मिसळलं तर कोंबड्या दाणे वेचतात आणि भुकटी तशीच ठेवतात. म्हणून धान्य भरडून घ्यावं आणि मिश्रणावर थोडं पाणी शिंपडावं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि सोडल्यावर फुटावा, इतपतच ओलं. ओलं खाद्य उन्हाळ्यात दीड-दोन तासांत आंबतं, त्यामुळे सकाळी उपाशी कोंबड्यांपुढे तेवढंच ठेवावं जेवढं लगेच संपेल, आणि उरलेलं काढून भांडं धुवावं. खुराडं उघडायच्या आधी खाद्य ठेवलं तर उत्तम. एकदा बाहेर पडल्या की हॉटेलमागचं खरकटं त्यांना जास्त आवडतं.

संध्याकाळची मूठभर बाजरी किंवा ज्वारी आम्ही पुढेही चालू ठेवली. एक तर त्या आवाजाने कोंबड्या घरी येतात. दुसरं म्हणजे दादीचा जीव त्यात होता, तिला ती मूठ सोडवेना. पण दोन मुठींच्या वर नाही. धान्य जास्त झालं की प्रथिनांचं प्रमाण खाली येतं आणि पोत्यावर घातलेला पैसा वाया जातो. याच वेळी शिंपल्याचा चुरा द्यावा. अंड्याचं कवच मुख्यतः रात्री तयार होतं, आणि संध्याकाळी पोटात गेलेले मोठे खडे रात्रभर हळूहळू विरघळत राहतात.

पाण्याकडे फार कमी घरांत लक्ष जातं. कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते, एप्रिल-मेच्या उन्हात याहून बरंच जास्त. कोरडी भुकटी सुरू केल्यावर पाण्याची गरज लगेच वाढते. पाणी संपलेलं असेल तर कोंबडी खाणंच थांबवते, आणि आपण म्हणतो खाद्य आवडत नाही. मातीचं पसरट भांडं, सावलीत, दिवसातून दोनदा बदललेलं पाणी, एवढं पुरे.

आता सब्रचा भाग. अंड्याचा बलक कोंबडीच्या पोटात सात ते दहा दिवस वाढत असतो, पांढरं आणि कवच शेवटच्या एका दिवसात चढतं. म्हणजे आज बदललेल्या खाद्याचा परिणाम कवचावर लवकर, पण अंड्यांच्या संख्येवर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतो. चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून पोतं परत बदलणारी घरं आम्ही पाहिली आहेत. प्रत्येक बदलाला कोंबडी पुन्हा पहिल्या दिवसावर जाते. आमच्याकडे लेअर खाद्य नीट सुरू केल्यावर अठराव्या दिवशी चार अंडी मिळाली, महिन्याने सहा.

काही वेळा बदल टाळावाच. कडक उन्हाळ्यात कोंबडी मुळात कमी खाते. पिसं गाळत असेल तेव्हा ती अंडी देतच नाही, मग दोष खाद्याला जातो. लस दिल्याच्या आठवड्यात किंवा नव्या जागी आणल्याबरोबर बदलू नये. आम्ही नेमकं जागा आणि खाद्य दोन्ही पाठोपाठ बदललं होतं. हिवाळ्यात दिवस लहान झाल्यानेही अंडी कमी होतात, कारण अंड्यासाठी कोंबडीला चौदा तासांच्या पुढे उजेड लागतो. त्यावर खाद्याचा इलाज नाही.

घरी मिश्रण करायचं असेल तर

इंदापूरकडे मका, सुप्याच्या जिरायती पट्ट्यात बाजरी-ज्वारी, आणि सोयापेंड दुकानात मिळते. त्यामुळे घरी खाद्य करणं अवघड नाही. शंभर किलोसाठी साधारण असं बसतं: मका, ज्वारी, बाजरी मिळून भरडा ५० किलो, सोयापेंड २० किलो, गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा १७ किलो, सुक्या मासळीचा चुरा ४ किलो, शिंपला ७ किलो, आणि खनिज मिश्रण व अगदी थोडं मीठ मिळून २ किलो. यात प्रथिनं १७ टक्क्यांच्या आसपास येतात. पोत्यातल्या खाद्यात जीवनसत्त्वं आणि मिथिओनिनसारखी अमिनो आम्लं वरून घातलेली असतात, ती यात नाहीत. म्हणून रोज हिरवा पाला हवाच. गाईंसाठी लावलेला लसूण घास, शेवग्याचा पाला, मेथीची देठं, सगळं चालतं. पाण्यावर वाढणारा ॲझोलाही चांगला, पण त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. तो खाद्याला जोड आहे, खाद्याची जागा घेत नाही.

दोन गोष्टींत सांभाळावं. घरचं सोयाबीन कच्चं भरडून घालू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारं द्रव्य असतं, उष्णतेनेच ते जातं. पेंड किंवा नीट भाजलेलं सोयाबीनच वापरावं. आणि सुकी मासळी खारवलेली असेल तर मिश्रणात मीठ घालूच नये. भिगवणच्या बाजारात उजनीची मासळी भरपूर येते, तिची डोकी आणि उरलंसुरलं शिजवून, वाळवून, कुटून घालता येतं. शिळं, वास आलेलं मात्र नाही. प्रमाणही वाढवू नये, अंड्यालाच मासळीचा वास येतो.

रंगाबद्दल एक. ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या कोंबडीचा बलक फिकट असतो, पिवळा मका आणि हिरव्या पाल्याने तो गडद होतो. खाद्य बदलल्यावर बलकाचा रंग बदलतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं अंडं गावरान नाही. त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मका महाग का झाला, आणि पोत्यात काय आलं

कोंबडीच्या खाद्यात निम्म्याच्या वर मका असतो. २०२३च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली. आपल्या साखर पट्ट्यातला हा निर्णय असा फिरून कोंबडीच्या भांड्यापर्यंत पोचला. त्याआधी २०२१ साली सोयापेंडीचे भाव भडकले होते. तेव्हा ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली होती.

मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला वाळवलेला चोथा बाजारात 'डीडीजीएस' नावाने मिळतो आणि स्वस्त पर्याय म्हणून खाद्यात मिसळतात. त्यात वाईट काही नाही. मक्याचं पिष्ट दारूत जातं, उरलेल्यात प्रथिनं जवळजवळ तिप्पट दाट होतात. पण मक्याला बुरशी असेल तर तिचं विषही तसंच तिप्पट दाट होतं. म्हणून सुटा डीडीजीएस स्वस्तात मिळाला तरी घरच्या मिश्रणात आम्ही घालत नाही. तपासणी करणाऱ्या कंपनीच्या पोत्यात असेल तर हरकत नाही.

ही बुरशी किती घातक, ते जगाला १९६० साली कळलं. इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पिल्लं काही महिन्यांत मेली, आधी रोग कोणता तेच समजेना. शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत धागा सापडला. तिच्यावरच्या ॲस्परजिलस फ्लेवस या बुरशीच्या नावावरूनच विषाचं नाव ॲफ्लाटॉक्सिन पडलं. आपल्याकडे पावसाळ्यात भिजलेला मका, कुबट वासाची पेंड, गाठी झालेली भुकटी यात तेच असू शकतं. आणि ते उन्हात वाळवून, भाजून जात नाही. बुरशी मरते, विष राहतं. 'आपल्याला नको, कोंबड्यांना टाका' असं जे भिजलेल्या धान्याबद्दल म्हटलं जातं, ते इथे महागात पडतं.

पोत्यात हलाल-हरामचा प्रश्न

हा प्रश्न आम्हाला अनेक भगिनींनी विचारला. त्याचे दोन भाग आहेत.

पहिला, मोकळी कोंबडी गटारात चोच घालते, तिचं काय? फिक्हच्या किताबांत घाण हाच ज्याचा मुख्य आहार झाला आहे अशा जनावराला 'जल्लाला' म्हणतात आणि त्याचं मांस व दूध टाळायला सांगितलं आहे. पण इकडेतिकडे टिपणाऱ्या, दाणाही खाणाऱ्या साध्या कोंबडीला हा हुकूम लागत नाही. पैगंबरांनी (स.) कोंबडीचं गोश्त खाल्ल्याची अबू मूसा अशअरी (रजि.) यांची रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) कोंबडी जिबहपूर्वी तीन दिवस बांधून ठेवत, अशी रिवायत आहे, आणि हनफी उलेमांनी हे पसंत केलं आहे. आमच्या गावातले मुलाणी चाचा हेच सांगायचे, कारण न सांगता: 'तीन दिवस डालग्याखाली ठेव, स्वच्छ दाणा-पाणी घाल, मग आण.' या तीन दिवसांत तिला सवयीचंच धान्य द्यावं, नवं काही सुरू करू नये.

दुसरा भाग पोत्याचा. काही खाद्यांत प्रथिनांसाठी मांस-हाडांचा चुरा वापरतात, चिठ्ठीवर तो 'मीट अँड बोन मील' किंवा नुसता 'एमबीएम' असा येतो. कोणत्या जनावराचा, ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. अशा खाद्यावरच्या कोंबडीचा हुकूम काय, हे आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावं, आम्ही तो देणार नाही. पण घराच्या पातळीवर टाळणं सोपं आहे: दुकानदाराकडे वनस्पतिजन्य किंवा फक्त मासळीची प्रथिनं असलेलं खाद्य मागावं, चिठ्ठी वाचावी, खात्री नसेल तर घरचं मिश्रण करावं.

चिठ्ठीवर प्रतिजैविक औषधाचा उल्लेख असेल तर तेही बघावं. कॉलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध पूर्वी कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून सर्रास घालत. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

ईदनंतरच्या कोथळ्या-आतड्यांचा ढीग कोंबड्यांना मोकळा सोडू नये. सडक्या मांसावरच्या अळ्या खाऊन बोटुलिझम होतो, मान गळून पडते, उपाय फार राहत नाही. रमजानमध्ये इफ्तारनंतर उरलेली भजी आणि खारं फरसाणही जास्त नको. मीठ कोंबडीला लवकर बाधतं.

खाद्य की रोग?

खाद्य बदलल्यावर दोन-तीन दिवस विष्ठा थोडी पातळ होणं चालतं. कोंबडी तरतरीत असते, तुरा लाल असतो, पाणी पिते. पण हिरवी-पांढरी विष्ठा, मान वाकडी, पंख लोंबलेले, श्वासाला घरघर आणि एकापाठोपाठ मर दिसली तर ती मानमोडी, म्हणजे रानीखेत. त्याचा खाद्याशी संबंध नाही. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर रक्ती हगवण. अशा वेळी खाद्य बदलत बसण्यात दिवस घालवू नयेत, सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. रानीखेतवर लस हाच मार्ग आहे: पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, आणि पुढे दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी. खाद्य आणि जातींबद्दल विचारायला माळेगाव-शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. सुधारित जातींची पिल्लं हवी असतील तर पुण्यात खडकीला सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, आधी चौकशी करून जावं.

शेवटचा हिशेब पोत्याचा. दहा कोंबड्यांना ६० ग्रॅमने रोज ६०० ग्रॅम लागतं, म्हणजे पन्नास किलोचं पोतं पावणेतीन महिने जातं. पण उघडलेलं खाद्य महिन्याच्या आत संपवावं, पावसाळ्यात त्याच्याही आधी. सुटं घ्यावं तर महाग पडतं आणि चिठ्ठी हाती येत नाही. आता आमच्या गल्लीत तीन घरांत मिळून एक पोतं येतं. ज्या दिवशी आणतो त्याच दिवशी वाटून घेतो, झाकणाच्या डब्यात भरतो, डबा भिंतीपासून हातभर लांब फळीवर ठेवतो आणि वर खडूने तारीख लिहितो. चिठ्ठी दादीकडे असते, साखरेच्या बरणीखाली. पुढचं पोतं आणायला जाणारा ती घेऊन जातो.